सुतळी बांधलेली बाटली

माझी आई बारा वर्षं लोकांना सांगत होती की मी मुंबईच्या हॉटेलात बिलं लिहिते. मी बिलं लिहीत नाही. मी वाइन वाढते. नुसती ओतत नाही, तर कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन शोभेल ते पाहुण्यांना सांगते. बाटली उघडली की आधी वास घेते, घोटभर तोंडात फिरवून थुंकून टाकते आणि बिघडलेली असली तर परत पाठवते. या कामासाठी परीक्षा असतात. त्या मी पहिल्या झटक्यात पास झाले, हेही सांगून टाकते, कारण आमच्या घरातलं दुसरं कोणी ते सांगणार नव्हतं. आमच्या गावात या सगळ्याला दारू हा एकच शब्द आहे, आणि माझ्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे.

तिची अडचण मला कळत होती. कळत होती म्हणून राग येत नव्हता, असं मात्र नाही. घरी गेले की शेजारची चुलती हमखास विचारायची, "काय गो, बिलं लिवून लिवून हात दुखत नाय?" मी आईकडे बघायचे, आई चुलीकडे बघायची, आणि मी म्हणायचे, "दुखतात थोडे." इतकी वर्षं मी त्या न लिहिलेल्या बिलांसाठी हात चोळून दाखवत आले. एकदा तरी आईने माझं काम काय आहे ते चारचौघांत तोंडाने म्हणावं, एवढंच मला हवं होतं. दुसऱ्या कोणाच्या शाबासकीची मला तशी फिकीर नाही.

आमचं गाव किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या अंगाला. पावसाळ्यात भात, आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. आईची स्वयंपाकाची रीत इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळेच झालं. ती स्वतः मटण-मासळीला तोंड लावत नाही, पण वडील आणि मी खाणारे. म्हणून मागच्या पडवीत वेगळी चूल, वेगळी भांडी, वेगळा डाव. त्या चुलीवर ती गावठी कोंबडी करते, सुकट करते, पावसाळ्यात चिंबोऱ्या करते, आणि माळ घातल्यापासून यातलं काहीही तिने चाखलेलं नाही. सगळं वासावर. झाकण किलकिलं करायचं, मान तिरकी करून एक वास घ्यायचा, "अजून मसाला कच्चा हाय" म्हणायचं आणि परत झाकायचं. मीठ हाताच्या अंदाजाने. आजूबाजूला चाखून करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण त्यांच्या रश्श्याला आमच्या रश्श्याची सर नाही. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. आमच्याकडे कोंबडी शिजली की त्या दिवशी कोण कोण वाटी घेऊन दारात येतं, ते मी बघितलेलं आहे. चुलती तर पहिली.

हॉटेलात आम्हाला वाइन शिकवायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी वासांची एक छापील यादी हातात दिली. त्यातली अर्धी फळं मी जन्मात पाहिली नव्हती. बरोबरची मुलं घोकत बसली. मी घोकलं नाही. मी प्रत्येक वासापुढे माझा वास लिहिला: रायआवळा, पाडाचा आंबा, मोहाचं फूल, विहिरीच्या काठचा ओला कातळ. सगळ्या ओळी भरल्या, एक सोडून. रिस्लिंग नावाच्या जर्मन पांढऱ्या द्राक्षाची वाइन जुनी झाली की तिला पेट्रोलसारखा वास येतो, असं तिथे लिहिलं होतं. आमच्या घरी तेव्हा सायकल होती. पेट्रोलपुढे काय लिहिणार? तशी जुनी बाटली पुढेही कधी माझ्या हाताला लागली नाही, आणि ती ओळ कोरीच राहिली. बाकीच्या यादीवर मात्र मी बघता बघता सगळ्यांच्या पुढे गेले, आणि हे नाक कुठून आलं याचा विचार करायला मला फुरसत झाली नाही.

आता पाहुणीबाईंकडे येते. दर हिवाळ्यात आमच्या हॉटेलात एक जर्मन बाई उतरतात. वयाने आईएवढ्याच असतील. त्यांच्या घरच्या द्राक्षबागा एका नदीकाठच्या उतारावर आहेत आणि त्या रिस्लिंगच करतात, तीही ना धड गोड, ना धड कोरडी अशी. आमच्या धंद्याच्या भाषेत तिला ऑफ-ड्राय म्हणतात. गोडवा असतो, पण त्याच्या मागोमाग असा आंबटपणा येतो की तोंड चिकट होत नाही. एकदा त्या कंटाळून म्हणाल्या, जिथे जावं तिथे माझ्या वाइनबरोबर तीच ती थाई करी देतात. तुझ्या घरी काय खातात? मी म्हटलं, या जेवायला. तोंडातून शब्द गेला आणि मला आईची माळ आठवली.

बाईंनी चाखून ठरवायला एक बाटली आधीच दिली होती. ती ओढणीत गुंडाळून मी रजेवर घरी आले आणि आईला एका दमात सगळं सांगितलं. दोन दिवस ती नेहमीची कामं करत राहिली. तिसऱ्या दिवशी भात पाखडता पाखडता म्हणाली, "जेवाया ये म्हणालीस ना तिला?"

"म्हणाले."

"मग आता नाय कसं म्हणणार. पण देवाजवळ ती बाटली नाय न्यायची. माझ्या भांड्यात नाय ओतायची. आणि बसायचं बाहेर, खळ्यावर."

तिन्ही अटी मी मान्य केल्या. मग मी माझं ज्ञान पाजळायला बसले. वाइनमध्ये जरा गोडवा असला की तिखट सोसवतं, आंबटपणाने तुपातेलाचा जडपणा कापला जातो, ही वाइन अगदी कोरडी नाही आणि... आईने मला तिथेच थांबवलं. "पातळ वस्तू कोरडी कशी असंल?" मी समजावलं. तिला पटलं नाही. ती म्हणाली, "तू नको सांगू. आण हिकडं, वास दे."

"माळ आहे तुझ्या गळ्यात."

"वास घेतल्यानं माळ नाय तुटत."

मी पेल्यात थोडी ओतली. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले, चुकूनही बोट लागू नये म्हणून, आणि वाकून वास घेतला. देवळात घंटेखाली वाकतात तशी. पुन्हा घेतला. मग एखाद्या घरी लग्नाचं जेवण ठरवावं तसं तिने भराभर ठरवून टाकलं. आधी वालाच्या ओल्या शेंगा, मीठ घालून उकडलेल्या. मग बिरडं, आमसूल आणि गुळाचं, पण गूळ नेहमीपेक्षा कमी, कारण गोड ह्या बाटलीत हायच. मग कोंबडीचा रस्सा आणि भाकरी. सुकट आंबोशी, म्हणजे वाळवलेली कैरी, घालून. शेवटी नव्या तांदळाचा भात.

"आणि गोड काय करायचं?" मी विचारलं.

"काय नाय. गोडासंगं गोड दिलं का दोनी फिकी लागतात."

हे वाक्य शिकायला मला एक अख्खं प्रकरण वाचावं लागलं होतं. मी तिला तसं सांगितलं नाही. थोडा मत्सर वाटला, खरं सांगायचं तर.

जेवणाचा दिवस जानेवारीतला होता. बाईंची गाडी शहापूरवरून किन्हवलीच्या रस्त्याने आली. खळं आईने आदल्या दिवशी शेणाने सारवून घेतलं होतं, त्यावर चटया टाकल्या होत्या, आणि मी हॉटेलातून जपून आणलेले काचेचे पेले मांडले होते. मुरबाडहून आणलेल्या बर्फाच्या खोक्यात बाटल्या ठेवल्या. बाईंनी दोन बाटल्या आणल्या होत्या, एक नवी, एक काही वर्षं ठेवलेली, त्या मला ठाऊक होत्या. तिसरी त्यांनी पिशवीतून हळूच काढली. जुनी, लेबल पिवळं पडलेलं. बाई म्हणाल्या, ही माझ्या वडिलांनी केलेली शेवटची वाइन. आता मोजक्याच उरल्यात. त्यांनी ती स्वतः उघडली आणि माझ्या हातात दिली. हिला थोडा वारा लागू दे, म्हणाल्या, शेवटी घेऊ. मी ती पडवीच्या कट्ट्यावर सावलीत ठेवली आणि शेंगांची परात घेऊन पळाले.

शेंगा बाईंनी आमच्यासारख्याच दातांनी ओढून खाल्ल्या, सालं पुढ्यात टाकून. वडिलांना त्यांनी पेला देऊ केला. वडिलांनी बोट बुडवून एक थेंब जमिनीवर शिंपडला, जसा ते ताडीचा शिंपडतात, आणि ओठ लावून म्हणाले, "पोरीनं आणलीय म्हंजे बरीच असंल." पेला त्यांनी परत खाली ठेवला, पण पाहुण्यांचा मान राखला. बिरड्याबरोबर दुसरी बाटली उघडली. कमी गुळाचा तो हिशेब इतका नेमका बसला होता की मला उभ्या उभ्या हसू येत होतं. मग कोंबडी आली. आता जुनी बाटली आणावी म्हणून मी पडवीत गेले, तर कट्टा रिकामा.

खोक्यात पाहिलं, नव्हती. चुलीमागे पाहिलं. ओटीवर, माच्यावर, पाण्याच्या हंड्यांमागे. मांजराने पाडली म्हणावं तर काचा नाहीत. खळ्यावर बाई भाकरी हातात धरून वाट बघत होत्या, आणि त्यांच्या वडिलांची शेवटची वाइन माझ्या घरातून गायब झाली होती. शेवटी मागच्या चुलीजवळ बसलेल्या आईला विचारलं.

"ती होय," ती शांतपणे म्हणाली. "गोठ्याच्या खिडकीत ठेवलीय. सुतळी बांधून."

सुतळीचं सांगायला हवं. आमच्या लहानपणी रेशनचं रॉकेल मिळेल त्या बाटलीत आणायचे, आणि रॉकेलच्या बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधायचे, म्हणजे अंधारातही हाताला कळावं. ती बाटली मग जन्मभर रॉकेलचीच. कितीही धुतली तरी वास जात नाही. माझ्या आत्याच्या साखरपुड्याला कोणीतरी तशा बाटलीत गोडंतेल भरलं आणि घाणाभर पुऱ्या गुरांनीही खाल्ल्या नाहीत. तेव्हापासून आई या बाबतीत कोणावर विश्वास ठेवत नाही. आता रॉकेल मिळत नाही, चुलीशेजारी गॅस आला, पण सुतळीचा गुंडा अजून गोठ्याच्या खिडकीत असतो.

"कुणीतरी रॉकेलच्या बाटलीत भरलंय ते," आई म्हणाली. "आत शिरले तवाच वास आला. तुझ्या त्या बाईनं चुकून पिलं असतं तर?"

मी चिडले. साधी चिडले नाही, चांगली कडाडले. "आई, सील फोडून उघडलेली बाटली आहे ती. तिच्या वडिलांच्या हातची. तुला या गोष्टीतलं काय कळतं? माझी इतक्या वर्षांची इज्जत तू गोठ्यात नेऊन ठेवलीस." यातलं शेवटचं वाक्य खळ्यापर्यंत ऐकू गेलं. आईने डाव खाली ठेवला. पदराने नाक पुसलं आणि चुलीतलं लाकूड उगाचच पुढे सारलं. त्या क्षणी मला माझं तोंड फोडून घ्यावंसं वाटलं, पण मी हटून उभी राहिले.

बाई उठून आत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं? मी मान खाली घालून इंग्रजीत सांगितलं की माझ्या आईला तुमच्या वाइनमध्ये रॉकेलचा वास आला, ती तुम्हाला बाधेल म्हणून तिने लपवली, आणि रॉकेलच्या बाटलीला बांधतात तशी दोरी तिला बांधली. माफ करा.

बाईंनी चुलीजवळच्या आईकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, तिला हा वास किती लांबून आला? मी आईला विचारलं. आईने चुलीपासूनच हाताने दाखवलं, कट्टा तिथं, मी दारात. म्हणजे पाच-सहा पावलं. बाई गोठ्याकडे चालायला लागल्या. त्यांनी सुतळीसकट बाटली आणली, पेल्यात घोटभर ओतली आणि माझ्यासमोर धरली. मी नाक लावलं.

रॉकेल. स्वच्छ, नितळ, कंदिलाची काच पुसताना येतो तो रॉकेलचा वास. त्याच्यामागे मध, आणि मागे कुठेतरी सुकत घातलेली कैरी. माझ्या वहीतली ती कोरी ओळ बारा वर्षं ज्या शब्दासाठी थांबली होती, तो शब्द आमच्या गोठ्याच्या खिडकीत होता. आणि मी, परीक्षा पास झालेली, तो ऐकून आईवर ओरडले होते.

बाई सांगत गेल्या, मी आईला सांगत गेले. हे द्राक्ष जुनं झालं की असा वास येतो. तो दोष नाही, वयाची खूण आहे. लोक बाटल्या वर्षानुवर्षं ठेवून देतात त्या यासाठी. माझे वडील, त्या म्हणाल्या, या वासासाठी तळघरात जाऊन बसायचे. पण उघडलेल्या बाटलीचा वास दारातून घेणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

आईने हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे ते रॉकेल नाय?"

"नाय."

"पण वास रॉकेलचाच हाय."

"हो. रॉकेलचाच."

"मग मी काय चुकीचं बोलले?" ती म्हणाली.

बाईंना आता चेव चढला होता. त्यांनी तिन्ही बाटल्यांमधली थोडी थोडी तीन पेल्यांत ओतायला लावली, आईला पाठ फिरवायला सांगितलं आणि पेले इकडचे तिकडे केले. तुझ्या आईला विचार, वयाने कुठली लहान, कुठली मोठी. आईने पुन्हा हात पाठीमागे बांधले. एकेकीवर वाकली. दुसऱ्या पेल्याशी परत गेली. मग हनुवटीने दाखवत म्हणाली, "हे लेकरू. ही सून. आणि ही सासू."

तिन्ही बरोबर. मी भाषांतर केल्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना कट्ट्यावर बसावं लागलं.

"आता ही कोंबडीसंगं नको देऊ," आई मला म्हणाली. "सासू सुकटीसंगं दे. सुकटीला पण जुना वास हाय, आंबोशीला पण. सगळी म्हातारी एका पंगतीला बसूं दे." मी दिली. हॉटेलात मी हे कधीच सुचवलं नसतं. सुकट म्हटलं की तिथे नाकाला रुमाल लावतात. बाईंनी भाकरीच्या तुकड्याने सुकट घेतली, वर एक घोट घेतला, आणि डोळे मिटले. नंतर एवढंच म्हणाल्या की माझे वडील आज इथे असायला हवे होते. मी आईला ते सांगितलं. आईने न विचारता त्यांच्या ताटात अजून सुकट वाढली.

जाताना बाईंनी रिकामी बाटली मागून घेतली, सुतळी न सोडता. ती आता त्यांच्या घरी खिडकीत आहे, त्यांनी फोटो पाठवलाय. मी आईची माफी मागायला मागच्या पडवीत गेले, तर ती म्हणाली, "भांडी घास आधी." मी घासली. घासून झाल्यावर माफी मागायची राहूनच गेली.

चार दिवसांनी गुरुवार होता. गुरुवारी आमच्या ओटीवर बायकांचं भजन असतं. भजन संपलं, बायका टाळ पिशवीत भरत होत्या, मी आत वडिलांसाठी भाकऱ्या करत होते. चुलतीचा आवाज आला, "ती गोरी बाई कशाला आलती गो? बिलांचं काय काम काढलंन हितं?"

माझा हात परातीत थांबला. मला वाटलं, आता आई काहीतरी नवीन रचेल.

"बिलं नाय लिवत ती," आई म्हणाली. "वाइन वाढते. दारूच ती, दुसरं काय म्हणू."

पिशवीत पडताना टाळ वाजले. आईच पुढे बोलत राहिली. "कंची कशासंगं प्यायाची ते आधी सांगते, मग ते साहेब लोक जेवतात. नुसता वास घेऊन सांगते. त्याच्यासाठी परीक्षा असतात. सगळ्या पास झालीय."

"आणि तुला चालतं? माळकरी असून?" चुलतीने विचारलं.

"मी माळ घालून कोंबडी शिजवते, ती तुला चालते ना? वाटी घेऊन पहिली तूच येतेस." कोणीतरी हसलं. आईचा आवाज जरा मऊ झाला. "मी चाखत नाय, ती गिळत नाय. नाक माझं घेतलंय पोरीनं. मला आधी कळलं नवतं, म्हणून मी बिलं सांगायची."

मी तव्याकडे बघत होते आणि तवा मला दिसत नव्हता.

मग ओटीवरून, आमच्यामध्ये माजघर आणि दोन भिंती असताना, आई मोठ्याने म्हणाली, "भाकरी करपली गो."

खरंच करपली होती. मी तव्याच्या पुढ्यातच बसले होते, पण मला वास आला नव्हता. रडून रडून माझं नाक चोंदलं होतं.